इस्त्री उचल

लाँड्रीतलं टेबल या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत होतं आणि त्याच्यावर दोन इस्त्र्या एका वेळी चालायच्या. डावीकडे नवरा, उजवीकडे बायको, मध्ये कोपर हलेल एवढीच जागा. उन्हाळा असो की थंडी, दुकान उघडल्यापासून दोघं असेच शेजारी शेजारी उभे. बोलणं फारसं नाही. वाफेची फुसफुस, शर्ट झटकल्याचा आवाज, आणि मधूनच एक शब्द. उचल.

हा शब्द म्हणजे त्या दुकानाचा कायदा होता. गरम इस्त्री एका जागी जरा जास्त टेकली की कापड पिवळं पडतं, आणखी टेकली की तपकिरी, आणि मग गिऱ्हाईक तोंडाला येईल ते बोलतं. इस्त्री धरणाऱ्याचं लक्ष कधीतरी उडतंच. दारात कुणी येऊन गप्पा छाटायला लागतं, नाहीतर डोक्यात घरचं काहीतरी घोळत असतं. हात थांबतो, आणि ज्याचा थांबतो त्यालाच ते कळत नाही. शेजारच्याला कळतं. म्हणून शेजारच्याने बरगडीत कोपर मारायचं आणि म्हणायचं, उचल. मान वर करायची नाही, रागवायचं नाही, आभार वगैरे तर नाहीच. पुढचा शर्ट ओढायचा.

गल्लीत तिला सगळे कडकमावशी म्हणत. लग्न होऊन नवीन आली तेव्हा खळ किती घालायची याचा तिला अंदाज नव्हता. एका मास्तरांची पँट तिने अशी करून दिली की ती भिंतीला टेकवून ठेवली तर नुसती उभी राहिली. मास्तर हसले, गल्ली हसली आणि नाव पडलं. पुढे स्वभावही नावाला शोभेसा झाला. खिशात रुमाल विसरणाऱ्याला ती भर रस्त्यात ऐकवायची. डाग लपवून कपडे टाकणाऱ्याला तर विचारूच नका.

नवरा उलट स्वभावाचा. काटकुळा, मिस्कील, कमी बोलणारा. त्याची एकच खोड कडकमावशीला खुपायची. दुपारी जेवण झालं की तो टेबलाखाली शिरायचा. तिथे वर्षानुवर्षं कुणी न नेलेल्या कपड्यांचं एक भलंमोठं गाठोडं होतं. त्याच्यावर डोकं टेकलं की गेला. ती एकटी वर इस्त्री ओढत राहायची आणि खाली हा संथ घोरत. कुणी विचारलं, मालक कुठे गेले, की ती पायाने गाठोडं ढोसून म्हणायची, "हे काय, धुवायला टाकलेत." शेजारचा चावीवाला या वाक्यावर दर वेळी नव्याने हसायचा.

"रात्री काय दरोडे घालायला जाता का?" ती नवऱ्याला विचारायची.

"हो. तूच तर पाठवतेस," तो म्हणायचा आणि कूस बदलायचा.

एवढंच. अर्धं आयुष्य ती त्याला आळशी म्हणत राहिली आणि त्याने कधी हूं की चूं केलं नाही.

मागच्याच्या मागच्या थंडीत त्याच्या छातीत कफ भरला. हॉस्पिटलात नेलं, चार दिवस बरं वाटल्यासारखं झालं आणि मग तो गेला. कडकमावशीने महिनाभर दुकान बंद ठेवलं, नंतर उघडलं. त्याच्या इस्त्रीची वायर गुंडाळून ठेवली, पण इस्त्री टेबलावरून हलवली नाही. मुलगी म्हणाली, आई, दे ना ती कुणाला तरी, जागा अडते. मावशीने ऐकलं न ऐकलंसं केलं. ती उजव्या बाजूलाच उभी राहत होती. डावी बाजू रिकामी.

मग तो यायला लागला.

पहिल्या वेळी ती घाबरली. झोपेत बरगडीत कोपर बसलं आणि कानाशी शब्द आला, उचल. ती धडपडत उठून बसली. छाती धडधडत होती, तोंड कोरडं ठाक पडलं होतं, घसा आवळून सोडल्यासारखा. खोलीत करपलेल्या खळीचा वास होता. काहीतरी जळतंय म्हणून ती स्वयंपाकघरात गेली, शेगडी चाचपली, बटणं पाहिली. सगळं बंद. परत येऊन पलंगावर बसली तेव्हा वास गेला होता. डाव्या बरगडीत मात्र दुखत होतं, आणि सकाळीही दुखत होतं.

दुसऱ्या रात्री तसंच. तिसऱ्या रात्री दोनदा. मग रोजच, आणि रात्रीतून कितीदा ते तिने मोजणं सोडून दिलं. भीती केव्हा गेली ते तिला सांगता आलं नसतं. जिवंतपणी जो माणूस दिवसभरात एवढाच एक शब्द बोलायचा, तो मेल्यावर भाषण करायला थोडाच येणार होता. तो होता तसाच होता. ती डोळे उघडायची, अंधारात डाव्या अंगाला पाहायची, तिथे कुणी नसायचं. ती श्वास गोळा करून पुन्हा आडवी व्हायची. उशीवर त्याच्या बाजूला तिने हात कधी फिरवला नाही. फिरवला आणि थंड लागली तर, ही धास्ती. पण त्या उशीचा अभ्रा ती दर आठवड्याला धुऊन कडक इस्त्री करून घालू लागली.

हे तिने कुणालाच सांगितलं नाही. सांगायचं काय? नवरा येतो म्हणून? लोक दोनच गोष्टी करतात, दृष्ट काढतात नाहीतर डॉक्टरकडे नेतात.

दिवसा मात्र तिची दशा झाली होती. सकाळी डोकं शिशासारखं जड. दुपारपर्यंत पाय ओढत चालायची. चावीवाल्याची पँट शाळेच्या बसवाल्याला दिली आणि बसवाल्याने ती घालून एक फेरी मारल्यावर सगळ्यांना कळलं. रक्तदाबाची गोळी एकाची दीड झाली, दीडाची दोन, तरी आकडा खाली येईना. गिऱ्हाईक बोलत असतानाच तिचे डोळे मिटायचे. मुलगी गावातच एका औषधाच्या दुकानात काउंटरवर होती, ती गोळ्या आणून द्यायची आणि म्हणायची, वय झालं आई तुझं, आता दुकान बंद कर आणि आमच्याकडे ये राहायला. गल्लीही तेच म्हणायची. वय झालं हे उत्तर असं आहे की ते कुठल्याही प्रश्नाला चालतं.

एका दुपारी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंचा पांढरा कोट टेबलावर होता. केंद्रातल्या चादरी आणि कोट याच लाँड्रीत यायचे. कडकमावशीने पाठ पसरली, इस्त्री टेकवली आणि उभ्या उभ्या झोपली. डावीकडून कोपर आलं नाही. दिवसा ते कधीच येत नसे. जाग आली ती धुराने. कोटाच्या पाठीवर इस्त्रीचा अख्खा ठसा उठला होता, टोकासकट, तपकिरी.

इतक्या वर्षांत तिने जाळलेली ही पहिली वस्तू नव्हती. पण जाळताना शेजारी कुणी नसलेली ही पहिलीच.

ती कोट घेऊन स्वतः केंद्रात गेली. भरपाई देते म्हणाली. डॉक्टरीणबाई तिच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी कोट उलगडून पाहिला, ठशावर बोट फिरवलं आणि भरपाईचं सोडून भलतंच विचारलं.

"मावशी, उभ्याने झोप लागली तुम्हाला?"

लागली, मावशी म्हणाली. बाईंनी विचारलं, आणखी कुठे लागते? मग रक्तदाब कधीपासून आहे, सकाळी डोकं दुखतं का. मावशीने वय झालं म्हणून सांगितलं. वयाने केस पांढरे होतात, बाई म्हणाल्या, माणूस उभ्याने झोपत नाही. आणि साठीच्या पुढच्या लोकांची झोपेची तपासणी त्याच केंद्रात दर आठवड्याला होते, तिथे यायला सांगितलं.

तपासणीच्या दिवशी बाकांवर म्हातारे-म्हाताऱ्या ओळीने बसल्या होत्या. त्यातले निम्मे झोपलेले. एकाची मान शेजाऱ्याच्या खांद्यावर पडली होती आणि शेजारी स्वतःच पेंगत असल्यामुळे त्याची तक्रार नव्हती. मावशीला वाटलं, कसली तपासणी आणि कसलं काय, निकाल तर समोरच बसलाय.

तपासणारी सिस्टर गोलमटोल आणि बोलकी होती. तिने आधी शिंपी वापरतो तसली टेप काढून मावशीच्या गळ्याभोवती गुंडाळली. मावशीला गंमत वाटली. जन्मभर लोकांच्या कॉलरी घासल्या, स्वतःच्या गळ्याचं माप पहिल्यांदाच कुणी घेत होतं. झोपेत श्वास अडकण्याचा आजार असतो, सिस्टरने सांगितलं, गळ्यातली वाट मिटते, श्वास थांबतो, परत सुरू होतो, आणि झोपणाऱ्याला पत्ताच नसतो. म्हाताऱ्या माणसांत पुष्कळांना असतो, पण ते वयाच्या नावावर खपून जातं. मग विचारलं, घोरता का?

"बायका घोरत नाहीत," मावशी म्हणाली.

बायका घोरतात, सिस्टर म्हणाली, फक्त कबूल पुरुष करतात. रात्री लघवीला उठावं लागतं का, तोंड कोरडं पडतं का, हेही विचारून झालं. मावशीने हो हो म्हटलं. मग सिस्टर म्हणाली की पुढचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, पण इथे येणाऱ्या निम्म्या लोकांना त्याचं उत्तरच देता येत नाही. एकटे झोपतात बिचारे, बघणार कोण?

"झोपेत तुमचा श्वास थांबतो, असं कधी कुणी सांगितलंय तुम्हाला?"

मावशीने थोडा वेळ टेपकडे पाहिलं. कोपर, शब्द, अडकलेला घसा, ते सगळं तिच्या मनात पहिल्यांदाच एका रांगेत उभं राहिलं.

"हे उठवतात ना मला," ती म्हणाली. "कोपराने. रोज."

"नशीबवान आहात," सिस्टर म्हणाली. "आमचे हे तर भूकंप झाला तरी उठणार नाहीत."

मावशी खोटं बोलली असं म्हणता येणार नाही. विचारलं ते तिने सांगितलं, आणि घडत होतं तेच सांगितलं. सिस्टर म्हणाली, दोन दिवसांनी मशीन न्यायला याल तेव्हा त्यांना घेऊन या, असा साक्षीदार मिळत नाही. दोन दिवसांनी मावशी एकटीच गेली. सिस्टरने विचारलं, मामा नाही आले? मावशी म्हणाली, ते दिवसा कुठे जात नाहीत.

मशीन म्हणजे मुठीएवढी डबी होती. छातीला पट्टा, नाकाखाली नळी, बोटाला चिमटा. एक रात्र लावून झोपायचं आणि सकाळी परत आणून द्यायचं. पट्टा पाठीमागून घट्ट करावा लागतो, तेवढं मामांना करायला सांगा, सिस्टर म्हणाली. मावशीने मान हलवली. पण ती गेल्यावर सिस्टरला वाटलं की मावशीच्या ध्यानात राहिलं नसेल. तिने अर्जावर लिहिलेला मुलीचा नंबर फिरवला.

मुलगी काउंटरवर गोळ्यांची पाकिटं कापत होती. फोनवर कुणीतरी हसऱ्या आवाजात सांगत होतं की तुमच्या बाबांना आठवण करा, पट्टा पाठीमागून घट्ट करायचा, रोज रात्री तेच उठवतात म्हणे आईंना. मुलीने कात्री खाली ठेवली. हो म्हणाली. मालकाला तब्येत बरी नाही म्हणून सांगून निघाली ती थेट आईच्या घरी.

आई पलंगावर बसली होती, डबी मांडीवर.

"आई, त्या सिस्टरला काय सांगितलंस तू?"

"विचारलं ते."

"बाबा उठवतात म्हणून?"

"उठवतात."

मुलीने पलंगाकडे पाहिलं. उजवी बाजू चुरगळलेली. डावीकडच्या उशीवर अभ्र्याची घडी अशी धारदार उठली होती की जणू आत्ताच इस्त्रीखालून निघाली. मुलीच्या अंगावर काटा आला. बाप मेलेला परवडला, तो असा घडी घालून ठेवलेला तिला बघवेना. आईचं डोकं फिरत चाललंय, तिला वाटलं, आणि लगेच वाटलं की आता माझीच जबाबदारी.

ती म्हणाली, हे बघ, उद्या हे मशीन परत देऊ आणि तू सरळ माझ्याकडे येतेस. दुकान बंद.

"आणि त्यांना तिकडे कसं सापडेल?" आईने विचारलं. वाद घालायचा म्हणून नाही, खरंच विचारलं. नवीन पत्त्यावर गिऱ्हाईक कसं येणार, असं विचारावं तसं.

 मुलीने आईला पाठ फिरवायला लावली आणि पट्टा घट्ट केला. नळी नाकाखाली बसवली. मी इथेच झोपते तुझ्याजवळ, ती म्हणाली. पण आईने डाव्या बाजूला हात आडवा धरला. मुलगी बाहेरच्या खोलीत गादी टाकून झोपली, मधलं दार उघडं ठेवून.

त्या रात्री मुलीने काय ऐकलं ते तिने पुढे एकट्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं. आईचं घोरणं चढत गेलं आणि एकदम तुटलं. घर असं गप्प झालं की नळाचा थेंब ऐकू यावा. मुलगी उशीवरून डोकं उचलून वाट बघत राहिली. श्वास येईना. ती उठून दारापर्यंत पोचली, आणि तेवढ्यात पलंगावरून शब्द आला. उचल. लगेच आई खोल विहिरीतून वर आल्यासारखी श्वास ओढून हलली आणि पुन्हा घोरायला लागली. मुलगी तिथेच भिंतीला पाठ लावून खाली बसली.

"आवाज आईच्याच घशातून आला," ती बाईंना म्हणाली. "तोंड हललेलं मी पाहिलं. पण म्हणायची ढब बाबांची होती. थोडं हसू आवरल्यासारखी." 

बाईंनी ऐकून घेतलं. 

निकाल सांगायला त्यांनी दोघींना समोर बसवलं. पडद्यावर रात्रभराच्या श्वासाची रेघ होती. रेघ डोंगरासारखी वरखाली जायची आणि मधेच सपाट व्हायची. सपाट, मग एक झटका, मग डोंगर. पुन्हा सपाट. प्रत्येक सपाटी म्हणजे श्वास थांबलेला, बाई म्हणाल्या, आणि हा प्रत्येक झटका म्हणजे तुमचा मेंदू घाबरून तुम्हाला झोपेतून खेचून काढतो. तो खेचतो म्हणून तुम्ही सकाळी उठता. पण त्याला रात्रभर तेच काम. म्हणून दिवसा झोप, म्हणून रक्तदाब, म्हणून तो कोट. आणि हृदयाला हे किती दिवस झेपेल ते सांगता येत नाही. 

"मेंदू कोपर मारतो?" मावशीने विचारलं.

बाईंनी आवाज मऊ केला. झटक्यासरशी स्वतःचाच हात बरगडीवर बसत असेल, त्या म्हणाल्या. अर्धवट झोपेत ओळखीचा आवाज, वास येतो, खूप जणांना येतो. त्यात वेड्यासारखं काही नाही. मग त्यांनी दुसरं मशीन दाखवलं, रोज वापरायचं. नाकावर लांब नळीचा मास्क बसवायचा, आत हलकी हवा सुरू राहते आणि गळ्याची वाट मिटत नाही.

"म्हणजे हे लावलं की मला जाग यायची नाही?"

"अजिबात नाही," बाई खुशीत म्हणाल्या. "एकदाही नाही. सकाळपर्यंत सलग."

मुलीने आईचा चेहरा पाहिला. ही खुशखबर ऐकणाऱ्या बाईचा चेहरा नव्हता तो.

मशीन घरी आलं आणि दुकानात गेलं. मावशीने ते पिशवीसकट टेबलाच्या डाव्या टोकाला ठेवलं, त्या गुंडाळलेल्या वायरच्या इस्त्रीशेजारी. रोज मुलीचा फोन, लावलं का? रोज उत्तर, बघू. शेवटी मुलीने बजावलं की या महिन्यात लावलं नाहीस तर मी चावीवाल्याकडून दुकानाला दुसरं कुलूप घालून घेईन. चावीवाला मधल्या मधे अडकला. मावशी, माझ्या हातून असलं पाप नका करवून घेऊ, तो म्हणाला, लावून टाका ते सोंग, हत्ती तर हत्ती दिसाल.

रात्री कोपर येतच होतं. पण आता त्यात काहीतरी बिघडलं होतं. डोळे उघडले की तिला ती रेघ दिसायची. आपलाच हात, आपलाच मेंदू. की तो? ती अंधारात डावीकडे बघत पडायची आणि पहिल्यांदाच तिला तिथल्या रिकामेपणाची भीती वाटायची.

एका दुपारी उभं राहवेना म्हणून तिने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि टेबलाखाली शिरली. जन्मात पहिल्यांदा. गाठोड्याला मधोमध एक खळगा पडला होता, एका डोक्याचा. तिने तिथे डोकं ठेवलं. तिथून बाहेरची कपड्यांची रास दिसत होती, रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या चपला दिसत होत्या, आणि टेबलाच्या उजव्या पायाशी फरशीवर झिजलेले दोन चट्टे. ती जिथे रोज उभी राहायची तिथले. ती झोपली नाही. नुसती बघत राहिली.

तेवढ्यात मुलगी आली. दुकानात आई दिसेना म्हणून घाबरली, मग खाली वाकली. आईला तिथे बघून आधी चिडली, मग तिथेच फरशीवर बसली.

"तू बाबांना किती बोलायचीस इथे झोपायचे म्हणून," ती म्हणाली.

"आळशी होते."

मुलीने गाठोड्यातून लोंबणारी एक बाही आत खोचली. मग म्हणाली, "आई, ते रात्री झोपायचे नाहीत. मी लहानपणी पाणी प्यायला उठले की ते भिंतीला टेकून बसलेले असायचे. तुझ्याकडे बघत. मला बोटाने गप्प राहायची खूण करायचे. मला वाटायचं, त्यांना झोपच येत नाही."

कडकमावशी गाठोड्यावरून हलली नाही. रात्री दरोडे घालायला जाता का, आणि तूच तर पाठवतेस. ती चेष्टा नव्हती, आणि तिला सांगून टाकावं इतका मोठा उपकारही त्याने तो मानला नव्हता. टेबलावर जो कायदा होता तोच त्याने घरी पाळला. शेजारच्याचा हात थांबलेला शेजारच्याला दिसतो, श्वासही. मान वर करायची नाही, आभार तर नाहीच. आणि राहिलेली झोप दुपारी इथे, तिच्या पायांशी, तिचे टोमणे ऐकत.

मग ती बोलली.

"दुपारी इथे झोपायचे तोवर ठीक होतं."

"म्हणजे?"

"अगं, रात्रभर अजून जागतात. मग झोपतात कधी?"

मुलीच्या तोंडावर आलं होतं की बाबा जागत नाहीत, बाबा नाहीत. रेघ, मेंदू, सगळं तिला पाठ होतं. पण तिनेही तो शब्द ऐकला होता. तिने आईला हात दिला आणि टेबलाखालून बाहेर काढलं. मावशीने टेबलाच्या डाव्या टोकाची पिशवी उचलली, धूळ झटकली आणि काखेत मारली. आज घालून बघते, ती म्हणाली, आणि तू येऊ नकोस.

मास्क घालून ती पलंगावर पडली तेव्हा डावीकडे वळून काहीतरी बोलली. मास्कमधून शब्द नीट बाहेर आले नाहीत. आले असते तरी ऐकायला तिथे कोण होतं, हा प्रश्नच होता.

सकाळी उजेड डोळ्यांवर आला तेव्हा ती उठली. डोकं हलकं होतं. तोंड ओलं. बरगडी दुखत नव्हती. असं सकाळ होणं ती विसरूनच गेली होती. आणि घर इतकं रिकामं होतं की ते तिला खोलीभर ऐकू आलं. खळीचा वास नाही, काही नाही. तिने पहिल्यांदाच हात लांब करून डावीकडची उशी चाचपली. अभ्रा कडक होता आणि गार होता. तिने घडी मोडू दिली नाही.

पुढेही तसंच झालं. तो आला नाही. रक्तदाबाची गोळी दोनावरून दीडावर आली. मुलीने कुलुपाचा विषय सोडला. सिस्टर रस्त्यात भेटली आणि म्हणाली, मावशी, चेहरा उजळलाय, मामा काय म्हणतात? मावशी म्हणाली, आता काही म्हणत नाहीत, झोपू देतात. सिस्टर हसली. तिला खरं काय ते अजून कुणी सांगितलं नव्हतं आणि पुढेही कुणी सांगितलं नाही.

दुकानात ती उजवीकडेच उभी राहत होती. हात थांबायच्या आत आता तिला स्वतःलाच कळायचं. ती स्वतःशी पुटपुटायची, उचल, आणि उचलायची. एका दुपारी गल्ली सुस्तावलेली होती. डॉक्टरीणबाईंचा नवा कोट तिच्यासमोर पसरलेला. पाठ झाली, बाह्या झाल्या, ती कॉलरवर आली आणि तिचा हात हवेतच राहिला.

टेबलाखालून श्वास ऐकू येत होता. संथ, खोल, आत जाताना किंचित खरखरणारा. थांबत नव्हता. गाठोड्यावर डोकं टेकून गाढ झोपलेल्या माणसाचा असतो तसा.

ती टक्क जागी होती. डोळे उघडे, डोकं साफ, हातात गरम इस्त्री. तिने खाली पाहिलं नाही. इस्त्री एरवी ती ठाणकन उभी करायची. आज तिने ती आवाज न करता कडेला टेकवली आणि पंखा एक घर कमी केला.

"कडकमावशी," चावीवाला दारातून ओरडला, "माझा शर्ट झाला का, की बसवाल्याला दिला परत?"

तिने ओठांवर बोट ठेवलं.

चावीवाल्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग टेबलावरून खाली लोंबणाऱ्या चादरीकडे. मालकांचं ते जुनं गाठोडं तिथे असतं हे त्याला ठाऊक होतं. त्याचं हसू अर्ध्यावर थांबलं. तो आवाज न करता आत आला, आपला शर्ट उचलला आणि पावलं जपत बाहेर गेला. दुकानाचं अर्धं शटर खाली ओढताना त्याने ते दोन्ही हातांनी धरलं, वाजू नये म्हणून.